संधिवाताची औषधं चालू असताना लस: वाचकांचे प्रश्न

आमवात, ल्युपस किंवा मणक्याचा संधिवात असलेल्यांनी लस घ्यावी का, यावर आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, 'आपल्याला लस चालत नाही.' हे अर्धंच खरं आहे. चालत नाही ती जिवंत लस, आणि तीही प्रतिकारशक्ती दाबणारी ठरावीक औषधं (मेथोट्रेक्सेट, अडॅलिम्युमॅब, रिटुक्सिमॅब यांसारखी) चालू असताना.

प्रश्न : मी गडहिंग्लज तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, वय ३४. आमवाताचं निदान झालंय, लवकरच मेथोट्रेक्सेट सुरू करायचं आहे. लहानपणी मला कांजिण्या आल्या नव्हत्या, असं आई म्हणते. अंगणवाडीत मुलांना त्या होतच असतात. लस घेऊ का?

गोळी सुरू व्हायच्या आधी विचारलंत, हे फार बरं केलंत. कांजिण्यांच्या लशीतला विषाणू मेलेला नसतो, दुबळा केलेला असतो. तो शरीरात थोडा वाढतो आणि त्याला आवरताना प्रतिकारशक्ती तयार होते. ती औषधाने दाबलेली असेल, तर लशीतला विषाणूच आजार देऊ शकतो. म्हणून ही लस आधी घ्यायची आणि शेवटच्या डोसानंतर चार आठवडे थांबून मग मेथोट्रेक्सेट.

पण त्याआधी रक्तातल्या अँटिबॉडी तपासून घ्या. लहानपणी चारच पुटकुळ्या येऊन गेल्या असतील, तर आईच्याही लक्षात राहत नाही. अँटिबॉडी निघाल्या तर लशीची गरजच नाही. नसतील तर मोठ्यांना दोन डोस लागतात, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने. तुमचे सांधे तेवढा वेळ देतील का, हा खरा प्रश्न. सकाळी मूठ वळत नसेल, मनगटं सुजलेली असतील, तर लशीपायी दोन-तीन महिने उपचार लांबवायला मी तरी राजी होणार नाही. झिजलेला सांधा परत मिळत नाही. त्रास बेताचा असेल तर हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन किंवा सल्फासॅलाझिनवर मधला काळ निभावता येतो. ही औषधं जिवंत लशीच्या आड येत नाहीत. दिवस गेले असतील किंवा महिनाभरात जाण्याची शक्यता असेल, तर मात्र ही लस घेऊ नका.

लस राहूनच गेली आणि गोळ्या चालू असताना वर्गात कांजिण्यांचं मूल निघालं, तर अंगावर पुरळ उठायची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : वय ६२, इचलकरंजी. मेथोट्रेक्सेट आणि रोज ५ मिलिग्रॅम स्टिरॉइड चालू आहे. थोरल्या बहिणीला नागीण झाली, तिचे हाल पाहिले. नागिणीची लस आम्हाला बंद आहे म्हणतात.

बंद होती ती जुनी, जिवंत लस. २०२३पासून भारतात मिळणाऱ्या नव्या लशीत विषाणू नसतो, त्याचं एक प्रथिन असतं. तुमच्या गोळ्या चालू ठेवून ती घेता येते. दोन डोस आहेत, हात एक-दोन दिवस चांगलाच ठणकतो आणि खिशालाही चाट बसते. फ्लूचं दरवर्षीचं इंजेक्शन आणि न्यूमोकोकलची लसही जिवंत नाही. त्यांना 'नको' म्हणणारे माझ्याकडे रोज येतात. स्टिरॉइडला कधी नाही म्हणत नाहीत!

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. कंपनी सहा महिन्यांसाठी नायजेरियाला पाठवतेय. मणक्याच्या संधिवातासाठी दर पंधरा दिवसांनी अडॅलिम्युमॅब घेतो. एजंट म्हणतो, यलो फीवरची (डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराची) लस घेताना इंजेक्शनचं सांगूच नका.

एजंट विमानतळापर्यंतच तुमच्याबरोबर आहे. ही लस जिवंत आहे, आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात तिचा विषाणू यकृतापर्यंत पोचला तर त्यावर नेमकं औषध नाही. लसीकरण केंद्रात सगळं सांगा. वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही, असं पत्र मिळू शकतं. ते चालेल का, हे त्या देशाच्या दूतावासाकडून आधी पक्कं करा. परत येताना आपल्याकडेही सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. शिवाय पत्र दाखवून डास चावायचा थांबत नाही. औषध थांबवून लस देण्याचा हिशेब कागदावर मांडता येतो, पण दुखणं उसळलं तर परमुलखात कोण बघणार? साहेबांना सांगून दुसऱ्या कुणाला पाठवता आलं, तर ते बघा.

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे. आमवातासाठी तिचं अडॅलिम्युमॅब चालू आहे. बाळाच्या लशींचं काय?

हे पत्र वेळेत आलं. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हे औषध वारेतून बाळाकडे जातं आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहतं. आपल्याकडे क्षयावरची बीसीजी लस जन्मल्याबरोबर, बाळंतीण घरी जायच्या आधीच टोचतात. बीसीजी विषाणूची नाही, जिवाणूची लस, पण जिवंतच. आईला याच जातीचं औषध चालू असलेल्या एका बाळाचा बीसीजीचा संसर्ग अंगभर पसरून मृत्यू झाल्याचं २०१०मध्ये नोंदलं गेलं आहे. त्यामुळे बीसीजी सहा महिन्यांनंतर. सरकारी वेळापत्रकात ती वर्षाच्या आत देता येते, त्यामुळे काही बिघडत नाही.

प्रसूती रात्री दोनला होते आणि तेव्हा तुमचे डॉक्टर तिथे नसतात. म्हणून माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहा: 'आईला अडॅलिम्युमॅब चालू, शेवटचं इंजेक्शन अमुक तारखेला, बीसीजी विचारल्याशिवाय देऊ नये.' पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस याही जिवंत लशी. त्यांचं बालरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोलून ठेवा. पेंटाव्हॅलेंट, पोलिओचं इंजेक्शन वेळेवर. नवव्या महिन्यातली गोवर-रुबेला नेहमीसारखीच. आणि या धास्तीने सुनेचं औषध परस्पर बंद करू नका.

प्रश्न : मला रिटुक्सिमॅब चालू आहे. नातवाला पल्स पोलिओला न्यायचं का? दुसरं म्हणजे, रंकाळ्यावर फिरताना कुत्रं चावलं तर?

थेंबांचं आधी डॉक्टरांना विचारा. घरात कुणाची प्रतिकारशक्ती दबलेली असेल, तर मुलाला थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन देणं बरं. त्याच्या गोवर, कांजिण्यांच्या लशी मात्र चुकवू नका. घरातली पोरं सुरक्षित तर तुम्ही सुरक्षित. थेंब दिले गेलेच, तर त्यानंतर काही आठवडे विषाणू शीतून बाहेर पडतो, तेव्हा त्याची लंगोटं दुसऱ्या कुणाला बदलू द्या आणि हात साबणाने धुवा. लशीनंतर अंगावर पुरळ आलं, तर ते जाईपर्यंत जरा लांब राहा.

रेबीजची लस मेलेल्या विषाणूची आहे. जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि तडक दवाखान्यात जा. रिटुक्सिमॅब चालू आहे, हे तिथे आपणहून सांगा, कारण तुम्हाला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार अँटिबॉडीही, लागेल.