वाचकांचे प्रश्न : सध्या आपण काय ऐकत आहात?

प्रश्न : आम्ही आठ-दहा जण पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकतो आणि त्या त्या दिवशी काय ऐकले ते एकमेकांना कळवतो. सुरुवातीला याचा फार उपयोग झाला, पण अलीकडे नुसती नावांची रांग लागते आणि वाचून हाती काहीच लागत नाही. आपण सध्या काय ऐकत आहात, आणि ते दुसऱ्याला सांगायचे झाले तर कसे सांगाल?

उत्तर : गेले तीन आठवडे मी एकच रचना ऐकत आहे : फ्रान्झ शूबर्ट या ऑस्ट्रियन रचनाकाराचे सी मेजरमधील तंतुवाद्यांचे पंचक, म्हणजे पाच वाद्यांसाठी लिहिलेले क्विंटेट. त्यात दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे आणि खालच्या पट्टीचे) आणि दोन चेलो (त्याहून मोठे आणि आणखी खालच्या पट्टीचे) आहेत. मोझार्टने आपल्या पंचकांत नेहमीच्या चार वाद्यांना दुसऱ्या व्हायोलाची जोड दिली होती. शूबर्टने तिथे दुसरा चेलो घेतला. त्यामुळे एक चेलो खाली खर्जाची बाजू सांभाळतो आणि दुसरा मोकळा होऊन वरच्या पट्टीत गाऊ लागतो. रचनेच्या चार भागांपैकी पहिल्या भागात दोन्ही चेलो मिळून जी चाल गातात, ती ऐकली की हा बदल कशासाठी केला असेल हे निराळे समजवावे लागत नाही.

मी ऐकताना वही जवळ ठेवतो. पहिल्या दिवशीची नोंद अशी आहे : ‘दुसरा भाग फार सुंदर, फार शांत.’ हे वाक्य कोणत्याही संथ रचनेबद्दल लिहिता आले असते, म्हणून ते कोणाच्याच उपयोगाचे नाही. सहाव्या-सातव्या वेळी मी ठरवून फक्त दुसऱ्या चेलोकडे कान लावून बसलो, आणि तेव्हा हा भाग माझ्यासाठी खऱ्या अर्थाने उघडला. दुसरे व्हायोलिन, व्हायोला आणि पहिला चेलो ही मधली तीन वाद्ये इतके दीर्घ स्वर धरून असतात की लय चालू आहे की थांबली आहे, असा संभ्रम पडावा. ती चालू आहे हे आपल्याला कळते ते दुसऱ्या चेलोवर बोटाने छेडलेल्या तारेमुळे. वरती पहिले व्हायोलिन दोन-चार स्वर उच्चारते आणि गप्प होते, पुन्हा उच्चारते आणि पुन्हा गप्प होते. मधले धरलेले सूर म्हणजेच चाल, असे मी इतकी वर्षे समजत आलो होतो. प्रत्यक्षात ते सूर, खालची छेडलेली तार आणि वरचे हे थोडके उच्चार या तिघांतून मिळून ती चाल उभी राहते. यातले एक जरी काढले तरी बाकीच्या दोघांचा अर्थ लागत नाही.

म्हणून आपल्या गटाला माझी मनापासून विनंती आहे की रचनेच्या नावाबरोबर त्यातली एकच जागा कळवावी : कोणत्या भागात, साधारण कोणत्या मिनिटाला, कोणत्या वाद्याने काय केले आणि आपल्या कानाला ते कसे लागले. मग वाचणारा ती रचना लावून नेमकी तीच जागा शोधतो. त्याला तिथे निराळेच काही ऐकू आले तर तो तसे लिहितो, आणि संवाद तिथून सुरू होतो. दिवसाला चार रचनांची नावे लिहिण्यापेक्षा आठवड्यातून एका जागेबद्दल लिहिणे मला कितीतरी मोलाचे वाटते.

प्रश्न : माझा कान रागसंगीतावर घडला आहे. पाश्चात्त्य संगीत ऐकताना सूर आवडतात, पण पायाखालची जमीन सरकल्यासारखे होते. यात माझे काही चुकते का?

उत्तर : आपले काहीही चुकत नाही, आपला कान अगदी बरोबर सांगतो आहे. रागसंगीतात तंबोऱ्याने लावलेला षड्ज शेवटपर्यंत हलत नाही आणि प्रत्येक स्वराचे नाते त्याच्याशी असते. या संगीतात मात्र षड्जच जागा बदलतो, आणि त्याचे घर सोडून जाणे व परत येणे हाच रचनेचा मुख्य व्यवहार असतो. तेव्हा जमीन सरकल्याची जाणीव दाबून टाकू नये. ती कोठे होते याची खूण ठेवावी.

वरच्याच पंचकाचे उदाहरण घेऊ. दुसरा भाग ई मेजरमध्ये, म्हणजे ई हा षड्ज धरून, सुरू होतो. चार-पाच मिनिटांनी ती सगळी शांतता मोडते आणि संगीत एफ मायनरमध्ये उसळते, म्हणजे षड्ज जेमतेम अर्धा स्वर वर सरकतो. अंतर इतके थोडे असूनही दुसऱ्याच जगात लोटल्यासारखे होते. पुढे मूळ चाल परत येते, तरी ती आधीसारखी राहिलेली नसते. पहिले व्हायोलिन आणि दुसरा चेलो आता तिच्याभोवती सतत हलत राहतात. तिसरा भाग सी मेजरमध्ये जोरकसपणे धावतो आणि त्याचा मधला संथ तुकडा डी फ्लॅटमध्ये जातो. आपल्या भाषेत सांगायचे तर सी हा षड्ज मानल्यास डी फ्लॅट हा कोमल रिषभ, म्हणजे पुन्हा तोच अर्धा स्वर. आणि चौथ्या भागाच्या अगदी शेवटी, सगळी वाद्ये एकत्र षड्जावर येताना, त्या षड्जाला वरून कोमल रिषभाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, लागतो. हा कण पुष्कळांना खटकतो, कारण इतक्या मोठ्या रचनेचा शेवट स्वच्छ षड्जावर व्हावा अशी आपली अपेक्षा असते. पण मागच्या दोन भागांत याच अर्ध्या स्वराने काय काय घडवले ते ज्याच्या कानात आहे, त्याला तो शेवटचा कण ओळखीचा वाटतो. कण म्हणजे काय हे ज्याला शिकवावे लागत नाही, तो श्रोता इथे मागे नसून एक पाऊल पुढेच आहे असे माझे मत आहे.

प्रश्न : हे पंचक शूबर्टने मृत्यूच्या छायेत लिहिले असे वाचले. ते मनात ठेवूनच ऐकावे का?

उत्तर : तारखा खऱ्या आहेत. २ ऑक्टोबर १८२८ रोजी त्याने एका प्रकाशकाला हे पंचक तयार असल्याचे कळवले आणि १९ नोव्हेंबरला, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो व्हिएन्नात वारला. परंतु मधल्या काळात, ४ नोव्हेंबरला, तो सायमन झेश्टर या शिक्षकाकडे काउंटरपॉइंटचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक चाली गुंफण्याच्या शास्त्राचा, धडा घ्यायला गेला होता, हेही तितकेच खरे आहे. पुढे शिकायचे आहे असे मानणारा हा माणूस होता. मी स्वतः ऐकताना ही निरोपाची कल्पना बाजूला ठेवतो. ती मनात असली की प्रत्येक संथ स्वर एकाच रंगाचा दिसू लागतो. मला अधिक चटका लावणारी गोष्ट निराळी आहे : या पंचकाचा पहिला जाहीर प्रयोग १८५० मध्ये झाला आणि ते छापले गेले १८५३ मध्ये.

प्रश्न : या पंचकाच्या नावापुढे डी ९५६, ओपस १६३ असे दोन आकडे दिसतात. एकाच रचनेला असे निरनिराळे आकडे का असतात?

उत्तर : ‘डी’ म्हणजे ओटो एरिख डॉइच. त्यांनी शूबर्टच्या रचनांची कालानुक्रमे सूची केली, ती १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. ओपस म्हणजे कृती, आणि तिचा आकडा प्रकाशनाशी बांधलेला असतो. इथला १६३ हा शूबर्टच्या मृत्यूनंतर पडलेला आहे. मोझार्टच्या रचनांना कोखेल यांच्या १८६२ च्या सूचीतले क्रमांक आहेत. बाख या जर्मन रचनाकाराच्या कृतींच्या सूचीतल्या बीडब्ल्यूव्ही क्रमांकांवरून मात्र काळ ठरवू नये, कारण ती सूची रचनाप्रकारांनुसार लावलेली आहे.

प्रश्न : एकाच रचनेची इतकी ध्वनिमुद्रणे असतात. आपण कोणते ऐकता आणि गटाला कळवताना ते सांगणे आवश्यक आहे का?

उत्तर : अत्यंत आवश्यक आहे. पंचकासाठी मी १९५२ चे फ्रान्समधील प्राद येथील ध्वनिमुद्रण ऐकत आहे. त्यात पाब्लो कासाल्स आणि पॉल टोर्टेलिए हे चेलोवर, आयझॅक स्टर्न आणि अलेक्झांडर श्नायडर व्हायोलिनवर आणि मिल्टन कॅटिम्स व्हायोलावर आहेत. आजच्या मानाने आवाज जुनाट वाटतो, पण पाच जण एकमेकांचे ऐकत वाजवत आहेत हे प्रत्येक वळणावर जाणवते, आणि त्यासाठी मी आवाजाची उणीव आनंदाने सोसतो.

वादक आणि वर्ष का लिहावे याचे याहून ठळक उदाहरण म्हणजे पियानोवादक ग्लेन गूल्डने दोनदा मुद्रित केलेली बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एका आरियावर, म्हणजे सुरुवातीच्या चालीवर, रचलेली निरनिराळी रूपे), पहिल्यांदा १९५५ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये. पहिले मुद्रण सुमारे ३८ मिनिटांत संपते, दुसरे ५१ मिनिटे चालते. सुरुवातीची आरिया पहिल्यात दोन मिनिटांच्या आत होते, दुसऱ्यात तिला तीन मिनिटे लागतात. यावरून ‘तरुणपणी जलद, उतारवयात संथ’ असा निष्कर्ष काढावासा वाटतो, पण जी मायनरमधले पंचविसावे व्हेरिएशन १९८१ मध्ये त्याने उलट थोडे जलद वाजवले आहे. एकूण मिनिटे पाहून हे कधीच कळणार नाही. तेव्हा पुढच्या आठवड्यात आपल्या गटाने हे एकच व्हेरिएशन दोन्ही मुद्रणांतून लागोपाठ ऐकावे, आणि जलद असलेले मुद्रण ऐकताना ते जलद वाटले की नाही, हे प्रत्येकाने आधी दुसऱ्याचे न वाचता लिहून मला कळवावे.