बंगल्यामागे नवीन स्विमिंग पूल झालाय, भोवती कोणती फरशी टाकावी?

आधी फरशीची घाई करू नका. पूलभोवती भरलेली माती नीट धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करून, जमल्यास एक पावसाळा बसू द्या. नाहीतर वर्षभरात कोपरे खचतात. चकचकीत टाइल किंवा पॉलिश ग्रॅनाइट अजिबात नको, ओल्या पायाने माणूस सरळ आडवा! फ्लेम फिनिशचं, म्हणजे ज्वाळेने पृष्ठभाग खरखरीत केलेलं, फिक्या रंगाचं ग्रॅनाइट घ्या. काळा दगड दिसतो झकास, पण एप्रिलच्या उन्हात तळवे भाजतात. उतार पूलच्या उलट दिशेला, मीटरमागे दोन सेंटिमीटर, आणि शेवटी जाळीची नाली. काठाचा दगड आणि फरशी यांच्यात 10 मिमी फट ठेवून त्यात लवचिक सीलंटच (रबरासारखा राहणारा भराव) भरा. गवंडी हमखास सिमेंट भरतो, तेव्हा समोर उभे राहा. झाडांपैकी गुलमोहर आणि बांबू लांबच बरे, पानं काढता काढता जीव जाईल.