आधी त्या शेडचं कुलूप उघडा

पलूस तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून मजकूर तेवढा देते.

"आमचे हे कारखान्यात टर्नर होते. रिटायर झाल्यावर कुणीतरी मोबाईलवर भास्कराचार्यांच्या चाकाचा व्हिडिओ पाठवला. पारा भरलेलं चाक, एकदा ढकललं की कायम फिरत राहतं म्हणे. तेव्हापासून परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तेच एक चाललंय. दाराला कुलूप, खिडकीला आतून पोतं. आठवड्यातून एकदा मला झाडायला आत घेतात, तेव्हाही चाकावर चादर टाकलेली असते. रात्रीची झोप उडालीय. कधी आवाज न चढवणारा माणूस, परवा चहा गार झाला म्हणून कप आपटला. बँकेत सही करताना हात थरथरत होता. दीर म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय. त्यात माझ्या पाटल्यांवर पांढरे डाग पडलेत, सोनाराने फसवलं की काय तो वेगळाच घोर. आता एक एजंट पेटंट काढून देतो म्हणून पैसे मागतोय. दोघांच्या नावची एफडी मोडायचीय, माझी सही हवी. चाक खरंच फिरेल का? सही करू का? दिवाळीला लेक आणि चार वर्षांचा नातू यायचाय, त्यांच्यासमोर तमाशा नको."

ताई,

चाकाचं सांगते, सहीचंही सांगते. पण पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात, ती आधी. सोनाराने तुम्हाला फसवलेलं नाही. पारा सोन्याला लागला की सोनं तो धरून ठेवतं आणि तिथं पांढुरकं पडतं. म्हणजे शेडच्या कोब्यावर पारा सांडलेला आहे आणि तुम्ही तो पाटल्या घालून झाडूनं झाडताय.

पाऱ्याची साध्या हवेतसुद्धा वाफ होत असते. ती दिसत नाही, तिला वास नाही. पत्रा तापला की ती वाढते, आणि खिडकीला पोतं लावलंय म्हणजे ती आतच कोंडून राहते. ही वाफ बरेच दिवस छातीत जात राहिली तर झोप उडते, माणूस चिडचिडा होतो, विसरायला लागतो, हाताला कंप सुटतो, हिरड्या दुखतात. तुम्ही ज्याला चाकाचा नाद समजताय आणि दीर ज्याला वेड म्हणतायत, त्यातलं बरंचसं पाऱ्याचं असू शकतं. तसंच आहे असं मी इथं बसून सांगणार नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण या आठवड्यात दोघंही मिरजेला जा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, 'बंद खोलीत पाऱ्याचं काम चालू आहे.' मग ते लघवीतला पारा तपासायला सांगतील. हे न सांगता नुसती झोपेची गोळी लिहून घेऊन परत आलात, तर मूळ दुखणं तसंच राहील. दिरांनाही एवढं सांगा की तपासणीचा कागद हातात येईपर्यंत 'डोक्यावर परिणाम' हा शब्द घरात नको.

शेडमध्ये आता झाडू अजिबात चालवायचा नाही. झाडूनं पाऱ्याचे बारीक बारीक मणी होतात, ते फटीत जाऊन बसतात आणि वाफ आणखी वाढते. व्हॅक्युम क्लीनर तर नकोच. खिडकीचं पोतं काढा, दार उघडं टाका, अंगावरचं सोनं उतरवून ठेवा. हातमोजे घालून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी मणी एकत्र ढकला, उरलेले बारीक कण चिकटपट्टीनं उचला. चाकाच्या आऱ्यांतला पारा आणि हा सगळा, जाड बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा. मोरीत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका. तो कुठं द्यायचा ते जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात जाऊन विचारा. ते हातमोजे, चिकटपट्ट्या आणि झाडूसुद्धा पिशवीत बांधून बाजूला ठेवा, जाळू नका. आणि पाटल्या सोनाराकडे न्याल तेव्हा त्याला आधीच सांगा की हा पारा आहे. काही न सांगता दिल्यात आणि त्यानं बंद दुकानात त्या तापवल्या, तर ती वाफ त्या बिचाऱ्याच्या छातीत जाईल.

आता चाक. ते कायमचं फिरणार नाही.

पण तुमच्या यांनी काही खुळ्यासारखी कल्पना डोक्यात घेतलेली नाही, हेही तितकंच खरं. भास्कराचार्यांनी हे चाक खरोखर लिहून ठेवलंय. 'सिद्धान्तशिरोमणी' हा खगोल-गणिताचा ग्रंथ त्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, वयाच्या ३६व्या वर्षी पुरा केला. त्यातल्या गोलाध्यायात एक यंत्राध्याय आहे. हलक्या लाकडाचं चाक घ्यायचं, त्याला सारख्या अंतरावर पोकळ, किंचित वाकडे आरे बसवायचे, प्रत्येक आरा पाऱ्यानं अर्धा भरायचा आणि चाक दोन आधारांवरच्या आसावर ठेवायचं, म्हणजे ते आपोआप फिरतं, असं तिथं दिलंय. त्यांच्या पाचशे वर्षं आधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तांनीही असं चाक सांगितलं होतं. पुढं तेराव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिलार द ओनकूरनं हातोड्या लावलेलं असंच चाक आपल्या वहीत काढलं. भल्याभल्यांना या कल्पनेनं झपाटलंय.

ती का चालत नाही, हे तुमच्या टर्नरला चटकन कळेल. आरा खाली कलला की पारा परिघाकडे धावतो, तिथं जोर जास्त वाटतो. आरा वर चढला की पारा आसाकडे परत येतो. नुसतं बघणाऱ्याला वाटतं, जड बाजू सारखी खाली येतच राहणार. पण सगळ्या आऱ्यांतल्या पाऱ्याचं वजन एकत्र धरलं तर त्याचा मध्य आसाच्या बरोबर खाली येऊन बसतो. चाक थोडं झुलतं आणि तिथंच स्थिरावतं. एका फेऱ्यात पाऱ्याचा प्रत्येक थेंब जेवढा खाली येतो, तेवढाच त्याला परत वर चढवावा लागतो. त्या उतरण्यातून जे मिळतं ते चढवण्यात पुरतं खर्च होतं, आणि बेअरिंगचं घर्षण आणि पाऱ्याचं हिंदकळणं यांना लागणारा जोर आणायचा कुठून? पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १७७५ मध्येच ठरवलं की असल्या यंत्रांचे अर्ज तपासायचेसुद्धा नाहीत. ऊर्जा नव्यानं निर्माण होत नाही हा नियम मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनी १८४०च्या दशकात मांडला. भास्कराचार्यांनंतर जवळजवळ सातशे वर्षांनी! त्यामुळं त्यांच्याकडं बोट दाखवायचा प्रश्नच येत नाही. उलट त्याच अध्यायात यंत्रांची यादी देताना त्यांनी शेवटी लिहिलंय, 'धीरेकं पारमार्थिकं यन्त्रम्', बुद्धी हेच एक खरं यंत्र. ही ओळ यांच्यासमोर ठेवा. भास्कराचार्यांना मानणाऱ्या माणसानं त्यांचं हेही मानायला हवं.

मला चाकापेक्षा कुलपाची काळजी जास्त वाटते. तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीत योहान बेसलर नावाचा एक माणूस होता, ऑर्फिरिअस या नावानं प्रसिद्ध झालेला. त्यानं अशी चार चाकं दाखवली. कासेलजवळच्या राजवाड्यातलं शेवटचं चाक बारा फूट व्यासाचं होतं. १७१७च्या नोव्हेंबरात तिथल्या राजानं ते एका खोलीत बंद करून दाराला मोहर लावली. ५४ दिवसांनी, ४ जानेवारी १७१८ला दार उघडलं तेव्हाही चाक फिरत होतं. पण आतली रचना ऑर्फिरिअसनं कापडानं झाकून ठेवली होती, मोठी रक्कम मिळाल्याशिवाय दाखवणार नाही म्हणायचा. १७२१ मध्ये ग्रावेसांडे नावाच्या प्राध्यापकानं चाकाचा आस तपासला, तर याला संशय आला की हा फुकटात गुपित काढून घेतोय, आणि त्यानं स्वतःच्या हातानं चाक फोडून टाकलं. १७२७ मध्ये त्याच्या मोलकरणीनं सांगितलं की चाक शेजारच्या खोलीतून हातानं फिरवत होते. पण तोवर चाकच उरलं नव्हतं, मग ते तपासायला कुणाला मिळणार? भास्कराचार्यांनी सगळं श्लोकांत मांडून लोकांसमोर ठेवलं, म्हणून आज आपण त्यावर बोलू शकतो. यांनी चाक भास्कराचार्यांचं घेतलं आणि रीत ऑर्फिरिअसची उचलली, हे मला फार लागलं.

त्या कुलपामागं पारा कोंडला, पैशाचा हिशोब कोंडला आणि चाक थांबतंय ही लाजही कोंडली. कारण ते थांबतंय हे त्यांना ठाऊक आहे, ताई. चालत असतं तर पहिली हाक तुम्हालाच मारली असती. किर्लोस्करवाडीच्या पंचक्रोशीतला माणूस, सुतासुताच्या मापानं आयुष्य काढलेला, त्याला आपलं काम फसतंय हे कळत नसेल का? कळतंय, सांगता येत नाही. सगळा गाव हसायला टपलेला असताना कुणाला सांगणार?

म्हणून तुम्ही हसू नका आणि रागावूही नका. डॉक्टरांकडं जाऊन आलात, शेडची हवा मोकळी झाली, की एखाद्या सकाळी म्हणा, 'मला चाक बघायचंय.' झाडायला म्हणून नाही, चाक बघायला म्हणून आत जा. आरे कसे वाकवले, आस कुठला वापरला, रिमचा आऊट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, कसा काढला, ते विचारा. आणि ऐका. इतके महिने त्यांना हे कुणी विचारलेलं नाही.

मग एक पैज लावा. पाऱ्याऐवजी आऱ्यांत सायकलच्या बेअरिंगचे छर्रे घालायचे. आरा कलला की तेही पाऱ्यासारखेच सरकतात, आणि त्यांची वाफ होत नाही. परिघाला दोरी गुंडाळून तिला वजन बांधायचं आणि दर वेळी त्याच उंचीवरून सोडायचं. आधी रिकाम्या आऱ्यांनी चाक किती फेरे घेतं ते मोजायचं, मग छर्रे घालून मोजायचं. छर्रे चाकाला ढकलत असतील तर फेरे वाढायला हवेत, अडवत असतील तर कमी होतील. किती आले म्हणजे काय मानायचं, ते आधीच खडूनं पत्र्यावर लिहून ठेवा, दोघांनी मिळून. मोजायला तुम्ही बसा. फेरे कमीच येतील, पण ते मी सांगितलं म्हणून त्यांनी मानू नये. आपल्या हातानं घेतलेलं माप टर्नर नाकारत नाही.

त्यानंतरही हात स्वस्थ बसणार नाहीत, आणि बसू नयेत. त्याच अध्यायात भास्कराचार्यांनी पाण्यावर फिरणारं चाकही दिलंय. वाकड्या तांब्याच्या नळीनं टाकीतलं पाणी ओढून काढायचं, ते चाकाच्या कडेच्या भांड्यांत पडतं आणि चाक फिरतं. टाकीत पाणी आहे तोवर ते फिरेल, कुणापासून काही न लपवता. यांचा आस, यांचे आरे, सगळं त्यात कामी येईल. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, गावातल्या शाळेला दोन्ही चाकं शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतील, थांबणारं आणि चालणारं. शाळेत न्यायचं की नाही ते मात्र त्यांनी ठरवावं, तुम्ही गळ घालू नका.

आता सही. करू नका. आपल्या पेटंट कायद्यात, १९७०च्या, तिसऱ्या कलमाच्या पहिल्याच खंडात म्हटलंय की निसर्गाच्या प्रस्थापित नियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी गोष्ट शोध धरलीच जात नाही. कायम फिरणारं चाक त्यातच बसतं. एजंटानं हे तुम्हाला सांगितलं नसेल, तर एक तर त्याला कायदा माहीत नाही किंवा तुमच्या एफडीची रक्कम माहीत आहे. अर्ज दाखल झाल्याची पावती तो आणून देईलही, पण पावती म्हणजे पेटंट नव्हे. नोंदणी झालेल्या एजंटांची यादी पेटंट कार्यालयाकडं असते, लेकीला सांगा तीत त्याचं नाव बघायला. तुमचा नकार मात्र तुम्ही स्वतः, समोर बसून सांगा. 'चेकबुक सापडत नाही' असली सबब नको, एका घरात लपवालपवी करणारं एक माणूस पुरे. म्हणा, 'ही एफडी आपल्या दोघांच्या म्हातारपणाची आहे, तिला मी हात लावू देणार नाही. छर्रे, बेअरिंग, लाकूड, त्याला दर महिन्याला घरखर्चातून बाजूला काढून देते.' आणि ती रक्कम खरोखर द्या, नियमानं द्या. त्यांना तुमच्याकडं मागायला लावू नका.

दिवाळीचं एवढंच. लेकीला आजच फोन करून पाऱ्याची गोष्ट सांगा, लोकलाजेस्तव झाकू नका. शेड साफ झाली, पारा घराबाहेर गेला, तर नातवाला खुशाल येऊ दे. तोवर झालं नाही, तर या वर्षी फराळाचे डबे घेऊन तुम्ही दोघं तिच्याकडं जा. चार वर्षांचं मूल जमिनीवर खेळतं, चमकणारा मणी दिसला की उचलतं. त्याला त्या शेडच्या आसपास फिरकू देऊ नका. आणि शेडमध्ये वापरलेली यांची चप्पल नि कामाचे कपडे आजपासून घरात आणायचे नाहीत.