लक्ष्या वारलाय हे लेकराला कुणी सांगायचं?

“मॅडम, लेकरू सिनेमातल्या माणसासाठी रडायलंय, तीन दिवस झाले धड जेवंना, डोक्यावर काही परिणाम तर नाही ना झाला?”

मी परभणीत समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला कितीतरी वेळा आलाय. कधी दहावीतली मुलगी असते, कधी कॉलेजचा पोरगा, आणि 2020 च्या एप्रिलमधे इरफान आणि ऋषी कपूर एका दिवसाच्या अंतरानं गेले तेव्हा तर चांगली मोठी माणसं फोनवर लाजत लाजत विचारायची, की मॅडम ओळख ना पाळख, मग एवढं का लागलं जिवाला. ह्या वेळचं लेकरू आठ वर्षांचं होतं, तिसरीतलं, गंगाखेडकडचं. घरच्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं जे होतं ते काढून टाकलंय.

झालं असं की ह्या पोराचा आणि आबांचा रविवारी दुपारचा एक नेम होता, टीव्हीवर लक्ष्मीकांत बेर्डेचा कुठला ना कुठला सिनेमा लागतोच, तो दोघांनी मिळून बघायचा. आबा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. पोरानं झपाटलेला किती वेळा बघितला असंल त्याला गणती नाही. दिवाळीत भाऊबीजेला ठाण्याचा मामा आला, रात्री सगळे दह्यासोबत धपाटे खात बसले होते, आणि पोरानं विचारलं, “मामा, लक्ष्याचं घर तुमच्यापासून किती लांब आहे?” उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला भेटायला जायचं होतं. डब्यात पैसे पण साठवले होते. मामा सहज बोलून गेला, “अरे तो कवाच गेला की, तुझ्या आईचं लगीन पण झालं नव्हतं तवा.”

पोरानं हातातला घास ताटात ठेवला आणि उठलं.

मग घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं समजूत घातली. आई म्हणाली, अरे सिनेमाच आहे तो. मामा म्हणाला, त्याचा मुलगा आहे की अभिनय, तो पण हिरो आहे, त्याचे सिनेमे बघ. वडलांनी तर ते चॅनलच बंद करून टाकलं, नजरेआड केलं की विसरंल म्हणून. आबा काहीच बोलले नाहीत, अंगणात जाऊन बसले. ह्यात कुणाचं वाईट मन नव्हतं हे मला माहितीय, पण पोराच्या बाजूनं बघा, एक जण म्हणतोय तुझं दुःख खरं नाही, दुसरा म्हणतोय हा घे बदली माणूस, आणि तिसऱ्यानं उरलंसुरलं पण काढून घेतलं.

पहिल्या भेटीत मीपण चुकले. आमच्या शिकण्यात असतं की लेकरू एखाद्या लांबच्या माणसासाठी रडतंय म्हणजे आत जवळचं काहीतरी असतं, म्हणून मी अर्धा तास आबांच्या तब्येतीचं, घरात कुणी वारलंय का, शाळेत कुणी काही बोललं का असलंच विचारत राहिले, आणि पोरगं खाली बघून टेबलाची कड नखानं खरवडत होतं. शेवटी मी गप्प बसले. तेव्हा ते हळूच म्हणालं, “मी हसत होतो.”

“कधी रे?”

“रोजच. तो मेलेला होता अन् मी हसत होतो. सगळ्यांना माहीत होतं, अन् सगळे हसत होते.”

एवढंच होतं ते. त्याच्या मागे दुसरं काही नव्हतं, आणि म्हणून मी आता सगळ्या पालकांना सांगते की रडण्याच्या मागचं कारण खणत बसायच्या आधी समोरचं कारण ऐका. मेलेल्या माणसावर हसायचं नसतं हे त्याला घरातच शिकवलेलं, गल्लीत कुणी वारलं तर टीव्हीचा आवाज पण बंद करतात आपल्याकडे, आणि हे लेकरू आपण पाप केलं असं समजून बसलेलं. वर आबांनी आपल्याला फसवलं, हे वेगळंच.

साधारण पाच ते सात वर्षाच्या दरम्यान बहुतेक लेकरांना कळायला लागतं की मेलेला माणूस परत येत नाही. म्हणजे आठव्या वर्षी मरण कळत होतं त्याला. अडचण दुसरीकडे होती, ती आपल्या मराठी सिनेमाची खास अडचण आहे असं मला वाटतं. लक्ष्या हे नटाचं लाडाचं नाव, आणि कितीतरी सिनेमात पात्राचं नाव पण लक्ष्याच! मोठ्यांना ह्यात काही वाटत नाही, पण लेकरानं कसं वेगळं करायचं की कोण गेलं आणि कोण राहिलं?

म्हणून दुसऱ्या भेटीत मी एका कागदावर मधे रेघ मारली, एका बाजूला लिहिलं लक्ष्या आणि दुसऱ्या बाजूला लक्ष्मीकांत. विचारलं, बनवाबनवीतला परशा कुठल्या बाजूला? तो लगेच म्हणाला, लक्ष्याच्या. मग हम आपके है कौन मधला लल्लू? तो पण तिकडंच. मग लक्ष्मीकांतच्या बाजूला काय? बराच वेळ पेन्सिल तशीच धरून बसला. मी सांगितलं, 1954 साली जन्म, मुंबईचा माणूस, नाटकात काम करायचा, बायको होती, दोन लेकरं होती, मूत्रपिंडाचा आजार झाला आणि 16 डिसेंबर 2004 ला वारला, पन्नास वर्षांचा होता. त्यानं सगळं लिहून घेतलं, आणि मग डाव्या बाजूला बोट ठेवून म्हणाला, “म्हंजे हे सगळे ह्यानं करून ठेवलेत?” करून ठेवलेत, हा शब्द त्याचा आहे, मला एवढा नेमका सुचला नसता.

पण लगेच पुढचा प्रश्न आला. “मग अशोक सराफ?” आहेत. “सचिन?” आहेत. “शंतनू?” आता आली का पंचाईत. बनवाबनवीतला शंतनू म्हणजे सिद्धार्थ रे, तो पण 2004 मधेच गेला. आणि विश्वासराव सरपोतदार म्हणजे सुधीर जोशी, ते 2005 मधे. आई बाजूला बसून डोळ्यांनी मला नको नको म्हणत होती, पण मी सांगितलं. एकदा लपवलेलं उघडं पडलंय, आता पुन्हा लपवलं तर ह्या पोराचा आपल्यावरचा विश्वासच जाईल. त्यानं प्रत्येक नावापुढे फुली नाहीतर टिक केली. रडला नाही.

त्याच्या आईला घरी गेल्यावर त्या यादीची भीती वाटली, अशुभ म्हणून. म्हटलं ताई, राहू द्या, फाडू नका.

खरं काम मात्र आबांनी केलं. मी आबांना वेगळं बसवून म्हटलं की तुम्ही त्याला तुमच्याकडचं सांगा, लक्ष्या गेला तेव्हा तुम्हाला कसं कळलं. आबा म्हणाले, मॅडम लेकराला काय सांगायचं ते. तरी सांगितलं. सकाळची फेरी होती परळीची, पुढच्या सीटवरच्या एका माणसानं पेपर उघडला आणि मोठ्यानं वाचला, मागून कुणीतरी म्हणालं खोटं असंल, आणि मग परळीपर्यंत गाडीत कुणी सुट्ट्यासाठी भांडलं नाही. “मी पंच हातात धरून तसाच उभा राह्यलो अन् दोघा-तिघांचं तिकीट फाडायचंच राह्यलं,” आबा म्हणाले. मग पुढं, “पुढच्या रविवारी टीव्हीवर लागला त्याचा सिनेमा. आधी बघवंना. मग त्यानं असा एक चेहरा केला, आलंच हसू. मला पण वाटलं रे तवा, हसावं का नाही.”

पोरगं आबांकडे बघतच राहिलं. तुम्हाला पण?

ह्या पोराची मोठी बहीण लातूरला नीटच्या क्लासला आहे, ती मार्व्हलच्या सुपरहिरो सिनेमांची फॅन, ती सुट्टीत आली तेव्हा दोघांचा वाद सुरू झाला की नट गेल्यावर पात्राचं काय करायचं. ब्लॅक पँथर सिनेमात टीचाला नावाचा हिरो करणारा चॅडविक बोझमन ऑगस्ट 2020 मधे गेला, तर त्याच्या जागी दुसरा टीचाला घेतलाच नाही, 2022 च्या सिनेमात सुरुवातीलाच टीचाला आजारानं गेला असं दाखवलं आणि सगळा सिनेमा त्याच्या बहिणीच्या आणि आईच्या दुःखावर चालतो, ती म्हणाली हेच बरोबर. तिच्या मैत्रिणीचं म्हणणं उलटं, की पात्र का मारलं, दुसरा नट घ्यायचा होता. आपल्याकडे ऋषी कपूर गेल्यावर शर्माजी नमकीन अर्धा राहिला तर उरलेला परेश रावलनं पूर्ण केला, एकच शर्माजी, दोन माणसं, आणि सिनेमाच्या आधी रणबीर समोर येऊन सरळ सांगतो की असं असं झालंय. झपाटलेला 2 मधे 2013 साली लक्ष्याचा मुलगा आणला, आदिनाथ कोठारेनं केलेला. आणि आता तर महेश कोठारेंनी लक्ष्याला ए.आय.नं परत पडद्यावर आणायचं बोलून दाखवलंय.

हे ऐकून पोरानं मला जे विचारलं ते लिहूनच ठेवलंय मी. “मॅडम, तो त्यात पडला धडपडला, तर पडलं कोण मग?”

मला ह्याचं उत्तर देता आलं नाही, दिलंही नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर बदली नट घ्या, पात्र संपवा, नाहीतर पुढची पिढी आणा, ह्यातलं कशानंच लेकराचं नुकसान होत नाही, नुकसान होतं ते गुपचूप केल्यानं. अमेरिकेत सेसमी स्ट्रीट ह्या लहान मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे विल ली 1982 च्या डिसेंबरमधे वारले, तेव्हा कार्यक्रमवाल्यांनी तज्ज्ञांना विचारलं आणि ठरवलं की ते गावाला गेले असं सांगायचं नाही, दुसरा माणूस पण आणायचा नाही. 1983 च्या नोव्हेंबरमधे तो भाग दाखवला, त्यात बिग बर्ड सगळ्यांची चित्रं काढून आणतो, हूपरचं पण, आणि मोठी माणसं त्याला स्वच्छ शब्दात सांगतात की ते वारले, परत येणार नाहीत, आणि सांगताना त्यांचे पण डोळे भरलेत. एवढ्या वर्षांनी पण मी पालकांना हे उदाहरण देते, कारण आपल्याकडे आजी वारली तरी देवाच्या गावाला गेली म्हणून सांगतात आणि लेकरू सहा महिने दाराकडे बघत बसतं.

आता काळजी कधी करायची, तर दोन-तीन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, शाळेत जाईना, किंवा मलाही मरायचं असं काही बोलायला लागलं तर थांबू नका, जवळच्या समुपदेशकाकडे जा नाहीतर 14416 वर टेलि-मानसला फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. बाकी आठ-दहा दिवसाचं रडणं रडू द्या. ज्याला कधी भेटलो नाही त्याच्याशी जडलेल्या नात्याला 1956 सालीच हॉर्टन आणि वोल ह्या दोघांनी नाव देऊन ठेवलंय, पॅरासोशल म्हणतात, म्हणजे तुमचं लेकरू काही जगावेगळं नाही.

चॅनल वडलांनी परत चालू केलं. पहिला रविवार पोरगं दुसऱ्या खोलीत बसलं, दुसऱ्या रविवारी दारात उभं राहून बघितलं, तिसऱ्या रविवारी आबांच्या शेजारी बसलं.

नंतरच्या भेटीला ते आलंच नाही, चाचणी परीक्षा होती. आबा एकटेच चष्म्याच्या कामाला परळी लाईनच्या गाडीनं आले होते, दहा मिनिटं बसले, चहा घेतला. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, “मॅडम, परवाच्याला निळूभाऊचा सिनेमा लागणाराय. ते पण गेलेत हे आधीच सांगून टाकू का?”

म्हटलं, सिनेमा संपल्यावर तो विचारंल, तेव्हा सांगा.

“विचारतोच आता,” आबा म्हणाले. “यादी घेऊनच बसतोय.”