कमी बजेटमध्ये गिटारचा पेडलबोर्ड कसा बनवावा? पहिल्यांदा कोणते पेडल घ्यावेत?

आधी तीनच पेडल (पायाने दाबून चालू-बंद करायचे इफेक्टचे डबे) घे, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाटका-जाड करणारं) आणि डिले (वाजवलेलं पुन्हा प्रतिध्वनीसारखं ऐकवणारं), बाकी कोरस फेजर वगैरे नंतर बघता येतं. ड्राइव्ह-डिस्टॉर्शन सेकंडहँड घ्यायला अजिबात हरकत नाही, बॉस कंपनीचं डीएस-१ हे डिस्टॉर्शन पेडल १९७८ पासून बाजारात आहे आणि पत्र्याचा डबा असल्यामुळे जुनं पण मस्त चालतं, फक्त घेताना स्विच दहा-बारा वेळा दाबून बघ आणि नॉब फिरवताना खरखर येते का ते ऐक.

बोर्डसाठी वेगळे पैसे घालवू नकोस. सुताराकडून १२ एमएम प्लायचा २ फूट बाय १ फूट तुकडा आण, मागच्या बाजूला लाकडाची पट्टी ठोकून थोडा उतार दे, वर वेल्क्रो, झालं.

पैसे वाचवायचे नाहीत ते पॉवर सप्लायवर. मी सुरुवातीला एकाच अ‍ॅडॉप्टरवर डेझी चेन (एकाच वायरीवरून सगळ्या पेडलना वीज) लावलेली, डिजिटल डिले जोडला की ड्राइव्हमधून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा आणि मी दोन महिने गिटारच्या पिकअपला दोष देत बसलो! आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) घेतला आणि त्याच दिवशी शांत झालं. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह (प्लगच्या मधला भाग निगेटिव्ह) लागतं, पण डिजिटल पेडल १०० मिलीअँपच्या वर पण खातात म्हणून प्रत्येकावर लिहिलेला आकडा वाचूनच जोड.

क्रम: गिटार, ट्यूनर, ड्राइव्ह, डिले, अँप. डिले ड्राइव्हच्या आधी लावलास तर सगळे रिपीट एकात एक मिसळून चिखल होतो.