वाचकांचे प्रश्न : बार्शी लाइटची जुनी वाट

प्रश्न : कुर्डुवाडी–लातूर मार्ग ब्रॉडगेज करताना गाडी धाराशिव शहराकडून वळवली आणि बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेचा काही मार्ग बाजूला पडला. शेतातला भराव त्याच मार्गाचा की कालव्याचा, हे कसं ओळखायचं?

उत्तर : चढ-उतार बघा. कालवा जमिनीची जवळजवळ एकच उंची धरून नागमोडी जातो. गाडीवाट ओढ्यात उतरते आणि पलीकडे चढते. रूळ ओढ्यावरून मोरीने जातात, टेकाड आलं की खोदाईतून, आणि वळतात ते फार सावकाश. आधी भराव, पुढे त्याच रेषेत खोदाई अशी जोडी सापडली, की आगगाडीचीच वाट समजा.

निघण्याआधी गावनकाशा काढा. रेल्वेची जमीन त्यात लांब, चिंचोळ्या पट्टीसारखी गटांना छेदत जाते. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रंही पाहा. प्रत्यक्ष जायचं तर शाळू निघाल्यावर, मार्चमध्ये, सकाळी लवकर. ऊन तिरपं असताना हातभर भरावाचीसुद्धा सावली पडते. दुपारी तोच भराव दिसत नाही. मोरीत हात घालण्याआधी काठी आपटा, तिथे साप असतात.

पक्का पुरावा म्हणजे लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा ओंडका. गोठ्याच्या उंबऱ्याला, बांधावर तो अजून सापडतो. रूळ जिथे बसायचा तिथे दोन दबलेल्या खाचा असतात. एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत टेप धरा. साधारण ८० सेंटिमीटर भरलं तर तो नॅरोगेजचा. गेज ७६२ मिलिमीटर, पण ते दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, म्हणून खाचांमधलं माप थोडं जास्त येतं. ब्रॉडगेजला हेच माप १७५च्या आसपास जातं. स्लीपरच्या लांबीवर भरवसा ठेवू नका, टोकं कुजलेली किंवा कापलेली असतात.

प्रश्न : कुंपणाला रुळाचा खांब आहे. तो बार्शी लाइटचा असेल का?

उत्तर : इंग्रज अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७मध्ये हा मार्ग सुरू केला, तेव्हा दर आसावर (चाकांच्या एका जोडीवर) ५ टनच भार ठेवला होता. म्हणून एक यार्ड लांबीला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोचा हलका रूळ पुरला. या रेल्वेचं सगळं शहाणपण ५ टनांच्या त्या एका आकड्यात आहे.

रूळ न तोलता वजन काढता येतं. कापलेलं टोक आलेख-कागदावर टेकवून पेन्सिलीने गिरवा आणि चौकोन मोजा. चौरस सेंटिमीटर गुणिले ०.७८५ म्हणजे मीटरला किलो. १९ चौरस सेंटिमीटर आले तर ३० पौंडी. रूळ पुढे बदलले जातात, तेव्हा नुसत्या वजनावरून साल ठरवू नका. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याची उठावाची अक्षरं असतात, त्यांत बहुधा सालही असतं. तारेचा ब्रश मारू नका, गंजाच्या पापुद्र्याबरोबर अक्षरंही जातात. मऊ ब्रशने धूळ काढा, खडू आडवा फिरवा आणि बाजूने टॉर्च धरा.

जागेवर पडलेला रूळ किंवा फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) उचलून आणू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणं १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि वस्तू तिथेच राहू द्या.