वासाची सवय ‘होते’ की ‘लागते’?

प्रश्न असा आला आहे: ‘कोबीवर वाढलेल्या किडीच्या कोबीचा वास अंगवळणी पडतो, म्हणून ती पुन्हा कोबीवरच येते’ असं एका शेतीविषयक लेखात वाचलं. ‘अंगवळणी’ इथे चालेल, की ‘वासाची सवय होते’ म्हणावं?

‘अंगवळणी’ मी तरी वापरणार नाही. अंगवळणी पडतं ते काम, एखादी रीत, पहाटे उठणं. पण ‘सवय होते’ हेही सरसकट चालणार नाही. गोठ्याच्या वासाची सवय झाली म्हणजे तो आता खुपत नाही. चहाची सवय लागली म्हणजे वेळ झाली की तो हवाच. दुसऱ्यात ओढ आहे, पहिल्यात नाही, आणि किडींबद्दल लिहिताना हा फरक फार मोलाचा ठरतो.

चौकोनी ठिपक्यांचा पतंग घ्या, कोबी-फुलकोबीवरची नेहमीची कीड. चीनमधल्या प्रयोगांत कोबीवर्गीय पानांना शेवंतीचा अर्क लावला, तेव्हा नवख्या माद्यांनी तिथे अंडी घालायचं टाळलं. त्या अर्काशी आधी गाठ पडलेल्या माद्या मात्र बुजेनाशा झाल्या, इतकंच नाही तर अर्काच्या वासाकडे वळूही लागल्या. बुजणं थांबलं तिथवर ‘सवय झाली’. ‘भीड चेपली’ म्हटलंत तर अधिकच छान. ओढ सुरू झाली तिथून ‘सवय लागली’. अर्क फवारणाऱ्याला हा भेद कळायलाच हवा: पहिल्यात फवारणी वाया जाते, दुसऱ्यात तीच किडीला आवतण देते.

अनुभव वाईट असेल तर ‘धसका घेतला’ म्हणा. तंबाखू-टोमॅटोवर वाढणाऱ्या मॅन्डुका पतंगाच्या अळ्यांना अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात इथिल ॲसिटेट या रसायनाचा वास देऊन सोबत विजेचा सौम्य झटका दिला. पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत हे शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाले, तरी त्यातले बहुतेक तो वास टाळत राहिले. तिसऱ्या अवस्थेत शिकलेल्यांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. कोषाला चिकटून राहिलेल्या वासाचा हा परिणाम नसावा ना, हेही तपासलं होतं. हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. कोषात जवळजवळ सगळं शरीर नव्याने घडतं, तरी धसका टिकतो, याचं मला अजून नवल वाटतं. इथे ‘गंधस्मृती’ हा शब्द हक्काने वापरावा. एरवी जपून.

आता मूळ वाक्य. शब्द बदलूनही ते पटत नाही, कारण कोबीवर्गाची ओढ चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात उपजतच असते. त्या पिकांतली ग्लुकोसिनोलेट ही तिखटसर द्रव्यं त्याला अंडी घालायला उद्युक्त करतात. ‘अळीपणी खाल्लं ते पतंगपणी निवडलं’ हे अमेरिकी वनकीटकतज्ज्ञ हॉपकिन्स यांचं शंभर वर्षांपूर्वीचं तत्त्व आजही वादात आहे. अनुभवाला वाव मिळतो तो बहुतेक करून अनेक पिकांवर जगणाऱ्या किडींत. इजिप्तच्या कापसावरल्या स्पोडोप्टेरा लिटोरॅलिस या पतंगाची मादी अळीपणी खाल्लेल्या पिकाला अंडी घालताना वरची पसंती देते, असं स्वीडनमधल्या प्रयोगांत दिसलं आहे.

तेव्हा मी ते वाक्य असं लिहीन: ‘कोबीच्या वासाची ओढ या किडीला उपजतच असते; जी कीड अनेक पिकांवर जगते, तिला मात्र ज्या पिकावर ती वाढली त्याच्या वासाची सवय लागू शकते.’